दोन चाव्यांचं कुलूप

“कंट्रोल धरून ठेव. आता सी. सोडू नको, परत सी,” दिनानाथ आबा म्हणाले. “हां, गेला मेल.”

अमिषानं पडद्याकडे पाहिलं. काही घडल्यासारखं दिसत नव्हतं. सासऱ्यांच्या त्या इमॅक्स नावाच्या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये कधीच काही घडल्यासारखं दिसत नसे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि माऊसला हात लावला की आबांच्या कपाळाला आठी. बंदरातल्या कॉम्प्युटर खात्यात त्यांची हयात या एडिटरवर गेली होती. निवृत्तीनंतर घरच्या कॉम्प्युटरवरही लिनक्स घालून घेतलं, आणि मेलसुद्धा त्यातूनच वाचायचं हा हट्ट धरला.

पण या हट्टाला दोन हात लागत. एकानं कंट्रोल दाबायचं, दुसऱ्यानं अक्षर. आबांचा उजवा हात न्हाणीघरात पाय घसरल्यापासून प्लास्टरमध्ये होता, म्हणून सुनेची नेमणूक झाली होती.

“आबा, चांगलं चालू होतं की मेल. हे कुलूपबंद मेल कशाला?”

“साधा मेल म्हंजे पोस्टकार्ड. वाटंत कुनी पन वाचावा.” त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर अमिषाचा नवरा प्रज्योत न्हावा शेव्याच्या बंदरात अडकलेल्या ट्रेलरच्या ड्रायव्हरवर फोनवरून डाफरत होता. हल्ली तो गाड्यांचा धंदा घरूनच बघे. “मना पाकीट पाह्यजे.”

पाकिटात काय असणार, हे अमिषाला आदल्या दिवशीच कळलं होतं.

“म्हातारा घर विनिताच्या नावावर करतोय,” प्रज्योतनं सांगितलं होतं. “माझ्या बहिणीला सगळं, आणि आपण दोघं रस्त्यावर. हे सगळं लपूनछपून तिलाच लिहायला. तू सेटिंग करून देणार ना? मग चावीची कॉपी मला पाहिजे.”

अमिषाचं लहानपण मामाच्या घरी गेलं होतं. जेवताना मामीकडे न बघता दुसरी भाकरी घ्यायची कला तिला अजून येत होती. हे घर पहिलंच, जिथं ती मोजून वागत नव्हती. ते हातचं जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती.

“पण आबांच्या चावीचा उपयोग नाही,” ती म्हणाली होती. “कुलूप सगळ्यांना वाटायचं असतं, चावी आपल्याजवळ ठेवायची. ते विनिताताईंचं कुलूप लावून पाठवणार. ते ताईंच्याच चावीनं उघडेल.”

“मग कर ना कायतरी. शिकवतेस ना क्लासमध्ये कॉम्प्युटर?”

करता येत होतं. आत्ता ते करायची वेळ आली होती.

“आबा, इथं एक ओळ घालते,” ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली. “पाठवलेल्या प्रत्येक पत्राला तुमचंही कुलूप लागेल. म्हणजे ते तुमच्या चावीनंही उघडेल. नाहीतर आपण काय लिहिलं ते आपल्यालाच वाचता येत नाही.”

“घाल. तुला माह्यती हाय त्यातलं.”

चावीचा परवलीचा शब्द टाकायची वेळ आली, तेव्हा तिनं तोंड फिरवलं. आबा डाव्या हातानं दोनदा चुकले आणि हसले. “तूच टाक गो. तुझ्यापासून काय लपवायचं?” त्यांनी तिच्या कानात शब्द सांगितला. सासूबाईंचं माहेरचं नाव होतं. अमिषाला त्या क्षणी स्वतःची मनापासून लाज वाटली.

“आता प्रयोगाला कुनीतरी पाह्यजे,” आबा म्हणाले. “तुझ्या लॅपटॉपवर पन बसव, आनी तुझं कुलूप मना दे.”

तिनं ते केलं. आबांनी पाठवलेलं पहिलं कुलूपबंद पत्र तिनं आपल्या चावीनं उघडलं. आत लिहिलं होतं, ‘चहा टाक.’ दोघंही खूप हसले. बाहेरून प्रज्योतनं विचारलं, “काय चाललंय एवढं?” आबांनी लगेच लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी आबा समुद्राकडे फिरायला गेले, तेव्हा तिनं त्यांची चावी पेनड्राइव्हवर उतरवली. प्रज्योतच्या लॅपटॉपवर सगळं बसवून दिलं, परवलीचा शब्दही सांगितला. आबांच्या मेलचा पासवर्ड त्याला आधीपासून ठाऊक होताच. खातं त्यानंच उघडून दिलं होतं.

“तू आपल्या घरासाठी करतेयस,” तो म्हणाला. तिनं स्वतःलाही तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आबा सकाळभर दार लावून बसले. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी एकेक कळ दाबल्याचा आवाज येत होता. मग इस्त्रीचा शर्ट घालून ते बाहेर आले. “डॉक्टरला हात दाखवून येतो,” म्हणाले आणि रिक्षात बसले. जाताना त्यांनी अमिषाच्या डोक्यावर डावा हात ठेवला. असं ते कधी करत नसत.

रिक्षा वळली तसा प्रज्योत लॅपटॉपवर आबांचं मेल उघडून बसला. अमिषा आतल्या खोलीत गेली. तिला ते बघायचं नव्हतं.

तिच्या लॅपटॉपवर आबांचं मेल आलेलं होतं. पुन्हा चहाच असणार, असं वाटून तिला हसू आलं. तिनं आपला परवलीचा शब्द टाकला.

‘अमिषा, तोंडानं सांगायची लाज वाटली, म्हणून हा खटाटोप. मी घसरून पडलो नव्हतो. घर विकायच्या कागदावर सही देईना म्हणून प्रज्योतनं माझा हात पिरगाळला. मी उरणला रजिस्ट्रारकडे मृत्युपत्र नोंदवायला निघालोय. विनिताही येतेय, तिची संमती आहे. माझ्यामागं घर तुझं, असं लिहून ठेवतोय. नोंद होईपर्यंत त्याला कळलं, तर तो तुलाही सोडणार नाही. हे वाचलंस की शेजारी कृष्णाबाईंकडे जाऊन बस. मी येईपर्यंत घरात एकटी थांबू नको.’

“अमिषा!” बाहेरच्या खोलीतून प्रज्योत आनंदानं ओरडला. “आबांचं सकाळचं पत्र उघडलं गं!”