आधी मोठ्यांनी जायचं

कॉफी समोर आली तरी कपाला हात लावायचा नाही, असं रीमाने पुन्हा पुन्हा बजावलं होतं. आता कप समोर होता.

शुभदाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. शेजारी विलासनेही तेच केलं. बिनकानाच्या इवल्याशा कपातून वेलचीचा वास येत होता. एरवी तिला तो आवडायचा. आज नुसता कळला.

रीमा तिच्या ऑफिसातली, मूळची पॅलेस्टिनी. तिनेच ही रीत समजावली होती. कुणाच्या दारी मोठं मागणं घेऊन जायचं, तर आधी घरातले मोठे जातात. यजमान कॉफी ठेवतो. ती तशीच राहू द्यायची आणि मनातलं सांगायचं. यजमान ‘प्या’ म्हणाला, तर मागणं मान्य. गप्प राहिला, तर भरला कप तिथेच सोडून उठायचं.

भेटही रीमानेच ठरवून दिली होती. घरी नको, घरी माझी म्हातारी आई असते, असं नबील म्हणाले होते. दुपारी माझ्या हॉटेलात या, तेव्हा गर्दी नसते.

सिडनीच्या एका टोकाहून, ब्लॅकटाउनहून बँकस्टाउनपर्यंत गाडी विलासने चालवली. नचिकेत मागे बसून होता आणि अजूनही तिथेच होता, रस्त्यापलीकडच्या पार्किंगमध्ये. महिनाभर तो धड जेवला नव्हता. ऑफिसला जात नव्हता. त्याच्या खोलीतल्या येरझाऱ्या खाली ऐकू यायच्या. “आई, मला एकदा त्यांच्यासमोर जाऊ दे,” याखेरीज तो काही बोलतच नव्हता. नबीलनी नकार दिला तर पोरगा हातचा जाईल, हे शुभदाला ठाऊक होतं.

नबील कॉफी ठेवून स्वयंपाकघरात गेले होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून कोणीतरी हाक मारली. सुचित्रा. मंडळातली जुनी ओळख. चार-पाच महिने पुण्याला राहून परवाच परतली होती. तेलकट बोटं पुसत ती आली. तिची नजर विलासच्या कोटावरून टेबलावरच्या संत्र्यांच्या पिशवीवर आणि तिथून खिडकीबाहेर गेली.

“नचिकेत गाडीत काय करतोय? आणि तुम्ही दोघं अशी व्हिसाच्या इंटरव्ह्यूला बसल्यासारखी?”

यांच्यात आधी मोठ्यांनी बोलायचं असतं, असं शुभदाने सांगितलं.

सुचित्राने खुर्ची ओढली. गल्ल्यामागे भिंतीवर एक फोटो होता. युनिव्हर्सिटीच्या काळ्या गाऊनमधली कुरळ्या केसांची मुलगी हसत होती. खाली ताजी फुलं होती. बाहेर पाटीवर हॉटेलचं नाव होतं, लीना.

“म्हणजे ती?”

“हो, तीच,” विलास म्हणाला.

“गोड आहे गं. आणि मला मंडळात कोणी एका अक्षराने बोललं नाही.” तिने शुभदाच्या पदराला हात लावला. “पण ही काय फिक्कट साडी? एखादी नारायणपेठ तरी काढायचीस. सासूबाई वाटायला नको?”

शुभदाने पदर नीट केला. विलास टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. सुचित्राने मग इथे काय चांगलं मिळतं ते सांगितलं. कांद्यात माखलेली, रोटीवर वाढलेली कोंबडी घ्याच, आणि शेवटी चीजचा तो गरम कुनाफा मागवा, तोंड गोड करायला. तिचा नवरा हात हलवत बोलवायला लागला, तशी ती गेली.

नबील आले ते स्वतः ताटं घेऊन. भट्टीतून काढलेली रोटी, हुमुस, ऑलिव्ह, तीच ती कांद्याची कोंबडी. सगळं मांडून झाल्यावर ते समोर बसले. साठीचा माणूस. दाढी वाढलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीत काळा रुमाल बांधलेली एक बाई कोथिंबीर चिरत होती. तिची सुरी थांबली.

विलासने दोन रात्री इंग्रजी वाक्यं घोकली होती. त्यांतलं एकही बाहेर येईना. मग शुभदाच बोलली. आवाज सपाट निघाला, बँकेत पत्ता सांगावा तसा.

“आमचा एकुलता एक मुलगा आहे. तुमची मुलगी त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याला तुमच्यासमोर यायचंय. त्याला येऊ द्या, एवढंच मागायला आलोय. बाकी काही नको.”

“वय काय त्याचं?”

“सव्वीस.”

“लीनापेक्षा दोन वर्षांनी मोठा,” नबील म्हणाले.

खिडकीतली बाई अरबीत काहीतरी बोलली. नबीलनी मान न वळवता उत्तर दिलं. ती पुन्हा बोलली, या वेळी हळू. ताटातली वाफ विरत गेली. कोपऱ्यातून सुचित्राने शुभदाला अंगठा उंचावून दाखवला.

नबीलनी दोन्ही कप एकेका बोटाने पुढे सरकवले.

“प्या.”

विलासने एका घोटात संपवली. शुभदाने कप ओठाला लावला. साखर नव्हतीच. कडूपणा घशाखाली उतरला आणि तिथेच राहिला. मागे सुचित्राने हलकेच टाळी वाजवली.

नबील उठले. बाजूच्या टेबलाची एक रिकामी खुर्ची उचलून त्यांनी आपल्या खुर्चीला लागून ठेवली.

“बोलवा त्याला,” ते म्हणाले. “त्याच्या गाडीची धडक बसल्यावर तो खाली उतरला आणि त्याने माझ्या लीनाचं डोकं मांडीवर घेतलं, असं पोलिसांनी सांगितलं. शेवटी ती काय बोलली, ते त्याच्याशिवाय कोणीच ऐकलेलं नाही.”