पिल्लाची डबी

ऋजुताने पाळलेलं टॅरंट्युला कोळ्याचं पिल्लू वाटाण्याएवढं होतं. ते औषधाच्या डबीत राहायचं. ती कामाने नागपूरला गेली, तेव्हा गावाहून नुकतेच राहायला आलेल्या तिच्या सासऱ्यांना त्याची दया आली. त्यांनी त्याला काचेच्या मोठ्या पेटीत हलवलं.

पिल्लू कोपऱ्यात आक्रसून बसलं, समोरच्या किड्याकडेही बघेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी घाबरून सुनेला फोन केला.

"अण्णा, मोठ्या जागेत ते बावरतं. त्याला परत डबीत ठेवा."

ब्रशने अलगद त्याला डबीत सरकवून अण्णा भिंगातून त्याचे डोळे शोधत बसले. तासाभराने त्याने किडा धरला.

त्यांनी लगेच फोन लावला. "खाल्लं गं त्याने!" मग म्हणाले, "ऋजुता, मला गॅलरीलगतची छोटी खोली देशील? एवढ्या मोठ्या बेडरूममध्ये झोप लागत नाही गं."