काहिलीत जन्मलेला

पाणी उतरलं होतं, पण घरातला चिखल अजून निघाला नव्हता. साखराबाई फळीनं तो दाराकडं ओढत होती आणि तिचा नवरा श्रीमंत ओट्यावरच्या बाजेवर बसून जुन्या पुराची गोष्ट सांगत होता.

समोर मनस्विनी बसली होती. नांदेडच्या कॉलेजात शिकवणारी. धर्माबादकडच्या गोदाकाठच्या गावांतून ती म्हाताऱ्या माणसांच्या पुराच्या आठवणी गोळा करत फिरत होती. मोबाईल तिनं रेकॉर्डिंग चालू करून बाजेच्या कडेला ठेवला होता.

“तवा धरण नव्हतं,” श्रीमंत म्हणाला. “देवळाच्या पायरीला पाणी लागलं की हलगी वाजायची. मंग समदं गाव टेकाडावर. त्या साली हलगी वाजली आन् हिला कळा सुटल्या. होडी कुठली? गूळ कढवायची काहील व्हती. तिच्यात हिला बसवली. मी आन् शेजारचा गुरुबसप्पा, दोघं पवत पवत ढकलीत नेली. मधीच पोरगं झालं. भागवत!”

“आणि सगळे सुखरूप?”

“तर! आता लातूरला हाय. इंजिनेर. पुढल्या उन्हाळ्यात गावाला भिंत घालून देतो म्हणलाय. मंग पाणी येत न्हाई.”

साखराबाईची फळी जरा थांबली. मग ती टोपली भरून मागच्या दारी गेली.

थोड्या वेळानं मनस्विनी तिच्या मागं गेली. साखराबाई हापशावर हात धूत होती.

“आजी, भागवतकाकांचा नंबर मिळेल? त्यांच्याशीही बोलायचं होतं.”

साखराबाईनं ओट्याकडं पाहिलं. आवाज खाली आणला.

“काहिलीतच गेलं लेकरू. टेकाडाला लागायच्या आधी. रडलंबी न्हाई.”

“पण आजोबा तर...”

“मागल्या सालापासून ह्यायच्या डोक्यातून गेलंय ते. आधी मी सांगायचे, न्हाई वो, आपलं लेकरू गेलं. सांगितलं की आत्ताच गेल्यावानी ऊर बडवायचे. सकाळी उठून परत भागवत जिता. मी परत सांगायचे.” ती धुण्याच्या दगडावर टेकली. “आता होत न्हाई बाई माझ्याच्यानं.”

“मग ते रेकॉर्डिंग... पुसून टाकू?”

“तुमचं तुमी बघा.”

ओट्यावरून श्रीमंतची हाक आली.

“मॅडम, कुठं गेल्या? भागवतच्या लग्नाचं सांगायचं ऱ्हायलं की!”

मनस्विनीनं साखराबाईकडं पाहिलं. साखराबाईनं पदराला हात पुसले आणि गुडघ्यावर जोर देत उठली.

“चला,” ती म्हणाली. “लग्नाचं मीबी आज पयल्यांदाच आयकनार.”