हाजी बयूमींच्या गच्चीवरची कबुतरी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महरूसबाबा पलंग सोडेनात. "रोज दहा पायऱ्या तरी चढा," असं त्यांची लेक नगवा महिनाभर सांगत होती.

"चढून वर मिळणार काय?" बाबा विचारायचे.

मग एका सकाळी त्यांची लाडकी कबुतरी खिडकीतून दिसली, समोरच्या हाजी बयूमींच्या गच्चीवर. कैरोतल्या आमच्या इंबाबा वस्तीत ज्याच्या गच्चीवर पाखरू उतरलं, त्याचंच ते. परत हवं तर आपला थवा उडवायचा आणि त्याला भुलवून आणायचं. बाबा शिव्या घालत, कठडा धरून पाच मजले चढून आपल्या गच्चीवर कबुतरं उडवायला गेले. आता दिवसातून तीनदा चढतात.

"व्यायाम चाललाय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"कबुतरांतून वेळ कुठे मिळतो?" बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी नगवा बसबूशाच्या, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांची ताटली घेऊन हाजींकडे गेली.

"काका, मी पिशवीतून आणून दिलेली कबुतरी आता सोडलीत तरी चालेल. बाबा चालायला लागले."

हाजी नुकतेच गच्चीचा जिना उतरून दारात दमून उभे होते.

"इतक्यात नको, पोरी. या कबुतरीपायी दोन वर्षांनी मी गच्ची चढतोय. सुनेला वाटतंय, गोळ्या लागू पडल्या."