शेजारच्या विश्वाचा व्हीपीएन

दिगंबर कुलथे यांनी अखेर टीव्हीवरचा व्हीपीएन बंद केला. पण अजून केलेला नाही, असं धरून जरा मागे जाऊ.

व्हीपीएनमुळे टीव्हीला वाटायचं, आपण शेजारच्या विश्वात आहोत. इथे शालन वारली होती. तिकडे दिगंबरराव वारले होते. रोज चहाला नवराबायको पडद्यातून गप्पा मारायचे.

"अहो, सहलीतल्या पालकरांनी मला लग्नाचं विचारलंय," शालन म्हणाली. "पण तुम्ही हे असे समोर बसून खारी खाताय. होकार कसा देऊ?"

"घोरतो का तो?"

"सहलीच्या बसमध्ये झोपले होते. नाही घोरत."

दिगंबररावांनी खारी संपवली आणि व्हीपीएन बंद केला. पडद्यावर इथल्या बातम्या लागल्या.

मग त्यांनी व्हीपीएनच्या कंपनीला अर्ज लिहिला: "अर्जदार त्या विश्वात मयत आहे, याची त्यास जाणीव आहे. तरी सदर विवाहास वधूपक्षाकडून हजर राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."