हातावरचं कबुतर

म्हाताऱ्या शिंप्याने कापड मोजायची पट्टी उचलली आणि कबुतराच्या पाठीत हाणली.

कबुतर फडफडत गच्चीच्या कठड्यावर गेलं. तिथून मान वाकडी करून बघत राहिलं आणि जरा वेळाने पुन्हा तुरुतुरु त्याच्या पायाशी आलं.

"अरे, घाबर ना मेल्या," म्हातारा काकुळतीने म्हणाला.

त्याचा मुलगा ज्यांची गाडी चालवायचा, त्या मालकाने ससाणा पाळला होता. त्याला शिकार शिकवायला जिवंत कबुतर हवं होतं, तेही माणसाळलेलं. बुजरं पाखरू पिंजऱ्यात आपटून आपटून आधीच मरतं, असं मालकाने ससाण्याला शिकवायला ठेवलेल्या ससाणेवाल्याचं म्हणणं. मुलाने बापाला न विचारताच शब्द देऊन टाकला. "एका पाखरापायी माझ्या पोटावर पाय आणू नका, बाबा." हाकलून द्यावं तर ते संध्याकाळी घरीच परत येणार.

त्याला माणसाळवण्यात म्हाताऱ्याचा अख्खा हिवाळा गेला होता. तळहातावर दाणे धरून दगडासारखं बसायचं, आलेला खोकलाही गिळायचा. बायको गेल्यापासून त्याच्या अंगाला आपणहून लागणारं घरात तेवढंच एक होतं. बुजवायला मात्र आजची सकाळ होती, बस्स.

त्याने तळहात पुढे केला. कबुतर येऊन बसलं. त्याने दुसऱ्या हातातली सुई त्याच्या पायात टोचली. ते परत आलं, त्याने परत टोचली. त्याला स्वतःचीच किळस आली, पण हात थांबला नाही. शेवटी कबुतर रक्ताळलेला पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसलं. त्याने नुसतं बोट हलवलं तरी थरथरू लागलं.

"वाचलास रे," म्हणत म्हाताऱ्याने डोळे पुसले.

मुलगा ससाणेवाल्याला घेऊन वर आला.

"फार बुजरं आहे हो, तुमच्या कामाचं नाही," म्हातारा म्हणाला. "हे बघा." त्याने हात पुढे केला मात्र, कबुतर जीव खाऊन उडालं. मुलाचा चेहरा पडला. म्हाताऱ्याला हसू आवरेना.

ससाणेवाल्याने खिशातून मूठभर दाणे काढले, तळहात उघडला आणि गुपचूप उकिडवा बसला. कबुतराने गच्चीवर एक घिरटी घातली आणि ते त्याच्या हातावर उतरलं.

"बुजरं कुठलं, आजोबा?" कबुतराच्या मानेवरून हळूच बोट फिरवत तो म्हणाला. "फक्त तुम्हालाच घाबरतंय."