मागची येईपर्यंत

ऋजुताने मॅरेथॉनचं पदक ओलीबाईंच्या हातात ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहून परत दिलं.

"पळाली तर तूच ना?"

"दम तुमचा होता," ऋजुता म्हणाली.

सातपुड्यातल्या या पाड्यावर ओलीबाईंनी चाळीस वर्षं डोंगर चढून कमावलेला दम प्रत्यारोपणाने पुण्याच्या ऋजुताच्या अंगात आला होता आणि त्यांच्या अंगातून कायमचा गेला होता. पाड्यावर नळ आला, आता दम कशाला लागतो, असं म्हणत त्यांनी हसत संमतीच्या कागदावर अंगठा दिला होता.

"शर्यतीत शेवटच्या चढावर माझे पाय आपोआप थांबले," ऋजुता म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, दोष आहे. सोमवारी काढणार आहेत."

"दोष कसला? पाणी आणताना खिंडीत मागची येईपर्यंत थांबायचं, अशी आमची रीत. मग थांबलीस?"

ऋजुताने मान खाली घातली. "मागे एक मुलगी होती. मी पाय रेटले."

नळाला आठवडाभर पाणी नव्हतं. ओलीबाईंनी हंडा उचलला, तो ऋजुताने घेतला आणि दोघी झऱ्याकडे निघाल्या.

ऋजुता भराभर चढली. खिंडीत तिचे पाय थांबले. खाली, अर्ध्या वाटेवर, ओलीबाई दगडाला टेकून धापा टाकत होत्या.

"तू हो पुढे," त्यांनी हात केला.

पाय हलेनात. या खिंडीत तो दम चाळीस वर्षं मागचीसाठी थांबत आला होता. आज मागे ओलीबाई होत्या.